पळालेले कैदी, पोलिसांचे मृत्यू आणि हातकडीचा प्रश्न

10 जुलै 2014 रोजी दुपारी पुण्याच्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळात स्फोट झाला. बॉम्ब साताऱ्यातून चोरलेल्या मोटारसायकलवर ठेवलेला होता. कोणाचा जीव गेला नाही, पण काही जण जखमी झाले. तपास यंत्रणांनी पुढे ज्यांच्यावर संशय घेतला, ते नऊ महिन्यांपूर्वी मध्य प्रदेशातील खांडव्याच्या तुरुंगातून पळालेले कैदी होते. तुरुंग फोडल्याची बातमी पुण्यात एरवी परगावची म्हणून वाचली जाते. ही मात्र थेट मंडईजवळ येऊन पोचली होती.

खांडव्याचे पलायन 1 ऑक्टोबर 2013 च्या पहाटेचे. सात जण चादरींच्या साहाय्याने भिंत ओलांडून बाहेर पडले आणि रस्त्यात भेटलेल्या गस्तीवरच्या पोलिसांवर वार करून त्यांनी शस्त्र व वायरलेस संच हिसकावला. त्यांतले दोघे वर्षअखेरपर्यंत हाती लागले, पाच जण मोकळे राहिले. एप्रिल 2015 च्या पहिल्या आठवड्यात त्या पाचांपैकी दोघे तेलंगणात सूर्यापेट बसस्थानकावर रात्रीच्या तपासणीत अडवले गेले. त्यांनी गोळीबार केला आणि एक शिपाई व एक होमगार्ड जागीच ठार झाले. 4 एप्रिलला जानकीपुरमजवळ चकमक झाली. त्यात ते दोघे मारले गेले, परंतु आणखी एका शिपायाने जीव गमावला आणि जखमी झालेला पोलीस उपनिरीक्षक काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. एका जिल्हा तुरुंगाच्या भिंतीतली उणीव दीड वर्षानंतर, शेकडो किलोमीटर दूर, दुसऱ्याच राज्यातल्या चार वर्दीधारकांना भोवली.

उरलेले तिघे फेब्रुवारी 2016 मध्ये राउरकेल्यात पकडले गेले आणि भोपाळच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले गेले. 30 ऑक्टोबरच्या दिवाळीच्या रात्री तिथल्या पहाऱ्यावरील एका हवालदाराचा गळा चिरून आठ न्यायाधीन बंदी पळाले. त्यांत हे तिघेही होते. काही तासांतच आठही जण शहराबाहेर पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. चकमक खरी की खोटी, यावर देशभर वाद झाला, चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याने पोलिसांना दोषमुक्त ठरवले. त्या वादापुढे हवालदाराच्या मृत्यूची चर्चा फार मागे पडली, ही गोष्ट आजही सलते. तुरुंगाच्या आतल्या पहारेकऱ्याजवळ बंदूक दिली जात नाही, कारण ती कैद्यांच्या हाती पडण्याचा धोका असतो. हा नियम शहाणपणाचा आहे. पण मग त्या पहारेकऱ्याचा जीव पूर्णपणे कुलुपांवर, दिव्यांवर, मोजणीवर आणि जोडीला दिलेल्या माणसांच्या संख्येवर अवलंबून राहतो.

फरासखाना प्रकरणात संशय असलेले हे पाचही जण अशा रीतीने मरण पावले, त्यामुळे त्यांच्याविरुद्धचा आरोप न्यायालयात कधी पारखला गेला नाही.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक मागणी हमखास पुढे येते, ती म्हणजे कैद्यांना हातकड्या घाला. हा प्रश्न सरळ वाटतो तितका सरळ नाही. 1894 च्या तुरुंग कायद्यात कैद्याला लोखंडी बेड्यांत ठेवण्याची तरतूद होती, आणि वसाहतीच्या काळात ती सर्रास वापरली गेली.  स्वातंत्र्यानंतर ही पद्धत तशीच चालू राहिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेड्यांच्या मनमानी वापरावर बंधने आणली, आणि 1980 मध्ये दिल्लीच्या एका कच्च्या कैद्याने तुरुंगातून पाठवलेल्या तारेवरून हातकडीचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या वेळी काही पोलीस नियमांत ‘वरच्या वर्गातील’ कैद्याला सूट होती आणि गरीब कैद्याला हातकडी ठरलेली होती. न्यायालयाने हा भेद रद्द केला. हातकडी हा अपवाद ठरवला. ती का घातली याची कारणे लिहून ठेवणे आणि ती न्यायाधीशांपुढे मांडणे बंधनकारक केले. 1995 मध्ये आसामातल्या रुग्णालयात खाटेला हातकडीने जखडलेल्या स्थानबद्धांचे प्रकरण आले तेव्हा, पूर्वी अनेक जण कोठडीतून पळाले असल्याचे राज्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते पुरेसे मानले नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तुरुंगात किंवा ने-आण करताना हातकडी घालता येणार नाही, आणि घातल्यास तो न्यायालयाचा अवमान ठरेल, असे त्याने बजावले.

या निकालांमागची माणुसकी निर्विवाद आहे, परंतु त्यांचा भार प्रत्यक्षात कैदी पार्टीतल्या, म्हणजे कैद्यांची ने-आण करणाऱ्या पथकातल्या, शिपायावर पडतो. येरवड्याहून शिवाजीनगर न्यायालयात किंवा ससूनमध्ये बंद्यांना नेणाऱ्या कोर्ट कंपनीच्या पोलिसाने आदेशावाचून हातकडी घातली तर अवमान, आणि निष्काळजीपणामुळे कैदी निसटला तर दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेला गुन्हा. 2 ऑक्टोबर 2023 रोजी ससूनमधून अमली पदार्थांच्या प्रकरणातला आरोपी पळाला तेव्हा बंदोबस्तावरच्या पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली, आणि ती योग्यही असेल. मात्र धोकादायक बंदी इतके दिवस रुग्णालयात का होता, हा प्रश्न शिपायाच्या अधिकाराबाहेरचा होता.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 ने चित्र बदलले. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पूर्वी पळालेली व्यक्ती, तसेच संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, खून, बलात्कार अशा गुन्ह्यांतले आरोपी यांना अटक करताना व न्यायालयात हजर करताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य पाहून हातकडी घालण्याची मुभा पोलिसांना मिळाली. मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर ते वगळले गेले. जुने निकाल संविधानातील मूलभूत हक्कांवर आधारलेले असल्याने ते या कलमामुळे आपोआप संपत नाहीत, आणि ही मुभा वापरताना पूर्वपरवानगी लागते की नाही, यावर कायद्याच्या जाणकारांत मतभेद आहेत.

या सगळ्या चर्चेत एक साधी बाब सुटते. खांडव्यात भिंत ओलांडली गेली, भोपाळमध्ये रात्री बरॅकीची कुलपे उघडली गेली, सूर्यापेटला गोळीबार करणारे तुरुंगातून पळून दीड वर्ष बाहेर होते. यांपैकी कोणताही मृत्यू न्यायालयाच्या वाटेवर हातकडी नसल्यामुळे झालेला नाही. ससूनसारख्या ठिकाणी तिचा उपयोग झाला असता, हे मान्य. पण भोपाळच्या तुरुंगात ठेवलेल्या त्या तिघांच्या नावापुढे आधीच्या पलायनाची नोंद होती, आणि तरीही त्या रात्री पहाऱ्यावरचा हवालदार त्यांना अडवण्यासाठी निःशस्त्रच उभा होता.