खरं, खोटं आणि रिकामा सेल

जुलै उजाडला की कोल्हापुरात दिवसाची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ किती फुटांवर? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हापासून तर विचारायलाच नको. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले का? सातांपैकी किती? कारण तिथून सुटलेलं पाणी भोगावतीतून शेवटी पंचगंगेलाच येऊन मिळतं.

समजा, नदीकाठच्या एखाद्या तालीम मंडळातल्या पोरांनी यासाठी एक्सेलची शीट केली. बी रकान्यात बंधाऱ्याची पातळी, सी ते आय या सात रकान्यांत सात दरवाजे. उघडा असेल तर ट्रू, बंद असेल तर फॉल्स. पुढे सूत्र: इफ(अँड(बी२>=३९, ऑर(सी२:आय२)), "सामान हलवा", "ठीक"). पातळी ३९ किंवा त्याहून जास्त आणि एक तरी दरवाजा उघडा असेल, तर सामान हलवा. मग कुणाला तरी वाटतं, हेच पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहू, म्हणजे मेसेज आपोआप जातील. अँड (आणि), ऑर (किंवा), नॉट (नाही), इफ (जर) एवढीच तर फंक्शन्स लिहायची आहेत!

यातलं गणित जुनं आणि पक्कं आहे. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली खरं-खोटं यांचं बीजगणित सविस्तर मांडलं. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म आपल्याकडचा, १८०६ सालचा, मदुराईचा. 'दोन्ही गोष्टी खऱ्या' हे विधान नाकारायचं तर 'निदान एक तरी खोटी' असं म्हणावं लागतं, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी हेच बीजगणित विजेच्या स्विचांनी करता येतं हे दाखवलं आणि संगणकाचा पाया घातला गेला. ट्रू-फॉल्सचा तक्ता चार ओळींचा आहे, त्यात चुकायला जागाच नाही. खरी परीक्षा होते ती सेलमध्ये, म्हणजे शीटच्या एका चौकटीत, ट्रूही नाही आणि फॉल्सही नाही तेव्हा.

पहिला प्रश्न रिकाम्या सेलचा. रात्री वाचन आलंच नाही, बी२ रिकामा राहिला. तुलना करताना एक्सेल रिकाम्या सेलला शून्य धरतो. शून्य काही ३९ पेक्षा मोठं नाही, त्यामुळे उत्तर फॉल्स आणि शीट सांगते, ठीक. आता कुणी प्रामाणिकपणे त्याच सेलमध्ये 'वाचन नाही' असं लिहिलं तर? एक्सेलमध्ये कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानला जातो. म्हणजे 'वाचन नाही'>=३९ याचं उत्तर ट्रू! माहिती तितकीच, म्हणजे अजिबात नाही; पण एका वेळी दिलासा आणि दुसऱ्या वेळी धोक्याची घंटा.

आपल्याकडे हा घोळ आणखी वाढतो, कारण पातळी फूट-इंचात सांगतात. सेलमध्ये '१२ फूट ६ इंच' असं टाइप केलं की तो मजकूर झाला आणि १२ फूटसुद्धा ३९ च्या वर गेले. बरं, मजकूर नको म्हणून ३८ फूट १० इंचाला ३८.१० लिहिलं, तर एक्सेल ते ३८.१ असं वाचतो आणि ३८.९ त्याला मोठं दिसतं, म्हणजे नऊ इंच दहा इंचांवर भारी पडतात. माझं स्पष्ट मत आहे की फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत घ्यावेत आणि बेरीज सूत्राला करू द्यावी.

अँड आणि ऑर यांची रीत आणखी वेगळी. रेंजमधला, म्हणजे सी२:आय२ सारख्या सेलच्या गटातला, रिकामा सेल आणि मजकूर ती सरळ वगळतात. रेंजमध्ये एकही ट्रू, फॉल्स किंवा आकडा सापडला नाही तर 'व्हॅल्यू' एरर देतात. यादीतलं सगळं खरं आहे का हे बघणाऱ्या पायथॉनच्या ऑल या फंक्शनला रिकामी यादी दिली तर ते बिनदिक्कत ट्रू म्हणतं. आणि खरं की खोटं हे ठरवणाऱ्या पायथॉनच्या बूल या फंक्शनला 'फॉल्स' हा शब्द मजकूर म्हणून दिला तरी उत्तर ट्रूच, कारण तिथे रिकामा नसलेला कुठलाही मजकूर खरा! म्हणून एक्सेलसारखं अँड लिहायचं तर एकेक सेल घेऊन आधी त्याचा प्रकार तपासावा लागतो, मग किंमत. त्यातही आधी बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) आहे का ते बघायचं, मग आकडा. कारण पायथॉनमध्ये ट्रू हाही पूर्णांकाचाच एक प्रकार आहे.

थांबायचं कुठे, यातही फरक आहे. पायथॉनचं 'अँड' पहिला फॉल्स दिसताच पुढचं बघत नाही. एक्सेलचं अँड सगळं बघतं; पहिला फॉल्स असला तरी पुढे एन/ए (माहिती उपलब्ध नाही) ही एरर असेल तर उत्तरही एन/ए. इफचं मात्र नेमकं उलट. इफ(बी२=०, ०, ए२/बी२) यात बी२ शून्य असेल तर भागाकार व्हायलाच नको. पण इफ हे पायथॉनमध्ये साधं फंक्शन म्हणून लिहिलं तर ते बोलावण्याआधीच तिन्ही किमती काढल्या जातात आणि शून्याने भागल्याची एरर येऊन प्रोग्राम तिथेच थांबतो. इफकडे तयार किंमत न देता न सोडवलेलं सूत्रच द्यावं लागतं. अट तपासून हवी ती फांदी त्याने स्वतः सोडवायची. स्वतःचं स्प्रेडशीट लिहिणाऱ्या बहुतेकांना सूत्राचं झाड, म्हणजे सूत्राचे भाग फांद्यांसारखे जोडलेली रचना, बांधायची गरज पहिल्यांदा इथेच जाणवते. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

एक्सेलच्या झोर (XOR) या आणखी एका फंक्शनबद्दल थोडक्यात: दोन अटी असतील तर 'दोघांपैकी एकच खरी'. तीन अटी दिल्या तर मात्र तिन्ही खऱ्या असतानाही उत्तर ट्रू, कारण एक्सेल खऱ्या अटी मोजून संख्या विषम आहे का एवढंच बघतो.

पुराच्या शीटसाठी कोड लिहिताना एक्सेलची हुबेहूब नक्कल करू नये असं मला वाटतं. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत ट्रू आणि फॉल्ससोबत तिसरी किंमत आहे, अज्ञात. फॉल्स अँड अज्ञात म्हणजे फॉल्स, कारण अज्ञाताचं काहीही निघालं तरी उत्तर बदलत नाही. ट्रू अँड अज्ञात म्हणजे अज्ञात. ऑरमध्ये ट्रूसोबत अज्ञात आलं तर ट्रू, फॉल्ससोबत आलं तर अज्ञात. तालमीच्या शीटवर हे लावून बघा. पातळी ३१ फूट आणि दरवाज्यांची माहिती नाही: उत्तर फॉल्स, शंकेला जागा नाही. पातळी ४१ फूट, सहा दरवाजे बंद आणि सातव्याचा सेल रिकामा: एक्सेलचं ऑर रिकामा सेल वगळून फॉल्स देतं आणि शीटवर 'ठीक' उमटतं. तिसरी किंमत असेल तर ऑरचं उत्तर अज्ञात, म्हणून अँडचंही अज्ञात, आणि इफला तिसरी फांदी लिहावीच लागते: "सातव्या दरवाज्याची माहिती नाही, आधी खात्री करा".