मेंदू दोनच असतात, गुंता शिरांचा

डोक्याला डोके जुळलेली जुळी वेगळी करायची म्हणजे एकजीव झालेला मेंदू मधोमध कापायचा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेकदा मेंदू दोन असतात. एकमेकांना खेटलेले, कुठे कुठे चिकटलेले. सर्जनची झोप उडते ती शिरांमुळे. मेंदूने वापरलेले रक्त कवटीखालच्या एका मोठ्या शिरेत जमा होऊन हृदयाकडे परतते. या जुळ्यांत ती शीर अनेकदा सामाईक असते. ती एकाला दिली, की दुसऱ्याच्या मेंदूत रक्त तुंबते. सांडवा बुजवलेल्या भरल्या धरणासारखी गत! मेंदू सुजतो, रक्तस्राव होतो.

इराणच्या लादान आणि लालेह बिजानी या 29 वर्षांच्या बहिणींवर जुलै 2003 मध्ये सिंगापूरला शस्त्रक्रिया झाली. धोका माहीत असूनही त्यांना स्वतंत्र आयुष्य हवे होते. सामाईक शिरेऐवजी मांडीची शीर जोडली होती. दोन दिवस सलग काम चालले, पण रक्तस्रावामुळे दोघीही गेल्या.

न्यूयॉर्कचे मेंदूचे सर्जन जेम्स गुडरिच यांनी त्याच सुमारास फिलिपिन्सच्या जुळ्या भावांसाठी वेगळी वाट धरली. घाई नाही! थोड्या शिरा सोडवायच्या, कवटी बंद करायची आणि काही आठवडे थांबायचे. तेवढ्यात लहान शिरा रुंदावतात, रक्त नवी वाट शोधते. चार टप्प्यांनंतर ऑगस्ट 2004 मध्ये भाऊ वेगळे झाले, दोघेही जगले. माझ्या मते या शस्त्रक्रियेतला सगळ्यात मोठा शोध हा थांबण्याचाच.

दिल्लीच्या एम्सनेही 2017 मध्ये ओडिशाच्या कंधमाल जिल्ह्यातल्या दोन वर्षांच्या भावांसाठी टप्पेच पाडले. ऑगस्टमध्ये रक्ताला पर्यायी शीर जोडून दिली, ऑक्टोबरच्या अखेरीस मुले वेगळी केली. पण रक्तप्रवाह जोडलेला असला की एकाच्या शरीराचा भार दुसऱ्यावर पडतो. इथे शस्त्रक्रियेनंतर एकाच्या हृदयाने त्रास दिला, दुसऱ्याच्या मूत्रपिंडांनी. दोघे 2019 मध्ये ओडिशाला परतले. त्यांतला एक नोव्हेंबर 2020 मध्ये वारला.

भूलतज्ज्ञांचीही यात कसोटी लागते, कारण एकाला दिलेले औषध दुसऱ्याच्या रक्तात उतरते. त्वचेची तयारी तर आधीपासून करावी लागते. उघड्या पडणाऱ्या दोन मेंदूंवर घालायला पुरेशी कातडी नसतेच. म्हणून टाळूच्या त्वचेखाली सिलिकॉनचे फुगे बसवून त्यांत हळूहळू सलाईन भरतात, आणि कातडी ताणून वाढवून घेतात.