लॉकडाऊनमध्ये डोकी फुटलीच नाहीत?

‘लॉकडाऊनमध्ये द्वारका चौक ओस पडला आणि डोक्याला मार लागणंच थांबलं,’ असं नाशकात अजूनही छातीठोकपणे सांगतात. अर्धंच खरं. २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ रस्ते अपघात झाले, २०२० मध्ये ३,६६,१३८; घट सुमारे १८ टक्के. मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच घटले. मोकळा रस्ता दिसला की हात ॲक्सिलरेटरवर जातो, आणि वेग जास्त तितका मेंदूला हिसका मोठा. बरं, ओल्या मोरीत घसरणं, जिन्यावरून पडणं कुठे बंद होतं? अनेक देशांतल्या रुग्णालयांत मेंदूच्या दुखापतींमध्ये पडण्याचा वाटा उलट वाढला. वयस्कर माणसांत तर पडल्यावर काही आठवड्यांनीही कवटीखाली रक्त साकळलेलं सापडतं. कोरोनाच्या धास्तीने दवाखानाच टाळला, त्यांची नोंद कुठून होणार!