तंबाखूच्या वेष्टनावरील सचित्र इशारा

तंबाखूच्या वेष्टनावरील सचित्र इशारा : सिगारेटचे पाकीट, विडीचे बंडल, तंबाखूची पुडी यांवर कायद्याने छापावे लागणारे रोगग्रस्त अवयवाचे किंवा रुग्णाचे रंगीत छायाचित्र आणि त्यासोबतचा मजकूर. वापरणाऱ्याच्या मनात सोडण्याचा विचार यावा आणि न वापरणाऱ्याने, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या मुलांनी, सुरुवातच करू नये, हा त्याचा उद्देश. चित्र पाहून माणूस सिगारेट सोडतो का, हा प्रश्न या विषयात सर्वाधिक विचारला जातो. आजवरच्या अभ्यासांवरून एवढे म्हणता येते, की चित्रामुळे सोडण्याचा विचार निश्चित वाढतो आणि पुष्कळदा प्रयत्नही वाढतात. पण प्रत्यक्ष सुटायला चित्रापलीकडची मदत लागते. भारतात तर आणखी एक अडचण आहे : तंबाखू वापरणाऱ्या असंख्य लोकांच्या हातात ते चित्र पडतच नाही.

कायद्याची वाटचाल

१९७५ च्या सिगारेट कायद्याने भारतात पहिला वैधानिक इशारा आणला. सिगारेट ओढणे आरोग्याला अपायकारक आहे, अशा अर्थाची ती एक ओळ बारीक टाइपात, बहुधा इंग्रजीत असे. विडी आणि खाण्याचा तंबाखू त्या कायद्यात नव्हतेच. ज्या देशात सिगारेटपेक्षा विडी आणि तंबाखूची चिमूट कितीतरी अधिक चालते, तिथे ही ओळ बहुतेकांच्या वाट्याला आलीच नाही.

चित्रांची सुरुवात कॅनडाने केली. तिथे २००० साली नियम झाले आणि २००१ मध्ये पाकिटाच्या निम्म्या भागावर छायाचित्रे आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचे कलम ११ इशाऱ्यासाठी दर्शनी भागाचा किमान ३० टक्के आणि शक्यतो ५० टक्के किंवा अधिक भाग मागते. भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये या कराराला मान्यता दिली. देशातला आधार २००३ च्या ‘सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने’ कायद्याच्या कलम ७ चा. रोजच्या बोलण्यात या कायद्याला ‘कोटपा’ म्हणतात.

चित्रे प्रत्यक्ष छापली गेली ती ३१ मे २००९ पासून, आणि तीही फक्त पुढच्या बाजूच्या ४० टक्के भागावर. धूम्रपानाच्या वस्तूंवर फुप्फुसांचे चित्र होते, खाण्याच्या तंबाखूवर विंचू. विंचवाची निवड सपशेल चुकली. विंचू म्हणजे विष एवढे कळे, पण त्याचा तोंडाच्या कर्करोगाशी काय संबंध, हे चित्र सांगत नव्हते. एक्स-रेसारखे दिसणारे फुप्फुसही वैद्यकाबाहेरच्या माणसाला फारसे वाचता येत नाही. डिसेंबर २०११ पासून तोंडाच्या कर्करोगाची खरी छायाचित्रे आली. गालाला पडलेले भोक आणि सुजलेला जबडा समजायला अक्षरओळख लागत नाही, आणि सचित्र इशाऱ्याचे बळ नेमके तिथे आहे.

ऑक्टोबर २०१४ च्या अधिसूचनेने दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी ठरवला. अंमल १ एप्रिल २०१५ पासून व्हायचा होता, तो लांबला. अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने आधी अंमलबजावणी थांबवण्याची आणि मार्च २०१६ मध्ये प्रमाण ५० टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. तरीही १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के लागू झाले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे नियम रद्द ठरवले; जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि मोठी चित्रे टिकली. इशाऱ्याच्या आकारानुसार लावलेल्या जागतिक क्रमवारीत भारत २०१४ मध्ये १३६ वा होता, २०१६ मध्ये तिसरा झाला.

आजचा इशारा

८५ टक्क्यांपैकी ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. इशारा वेष्टनाच्या वरच्या कडेपासून सुरू व्हायला हवा, म्हणजे ब्रँडचे नाव तळाशी जाते. रुंदी किमान ३.५ सेंटिमीटर, उंची किमान ४ सेंटिमीटर. छपाई चार रंगांत, किमान ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके). एका चित्राची मुदत १२ महिने, मग पुढचे. सप्टेंबर २०१८ पासून मजकुरात ‘आजच सोडा’ आणि तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या वाहिनीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही आला. डिसेंबर २०२२ पासून ‘तंबाखूमुळे वेदनादायक मृत्यू होतो’ आणि त्यानंतरच्या वर्षी ‘तंबाखू वापरणारे अल्पवयात मरतात’ अशा अर्थाचे मजकूर ठरले.

इशाऱ्याविना माल बनवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यातली तरतूद आहे. २००३ साली ठरलेल्या या रकमा आज मोठ्या उत्पादकाला जाणवण्याजोग्या नाहीत.

चित्र मनावर काम कसे करते

दिवसाला १० सिगारेटी ओढणारा माणूस पाकीट वर्षाला ३,६५० वेळा उघडतो. दुसऱ्या कोणत्याही आरोग्यसंदेशाला एवढ्या भेटी मिळत नाहीत, आणि इथे भेटीची वेळही नेमकी सिगारेट काढतानाची आहे. पहिल्या काही दिवसांत चित्र किळस आणि भीती उत्पन्न करते. त्यातून अपायाचा विचार वारंवार डोक्यात येतो. घरात, मित्रांत, टपरीवर त्यावर बोलणे होते. मुलगी वडिलांना चित्र दाखवून काही विचारते. मग सोडण्याचा इरादा बनतो. ‘धूम्रपानाने कर्करोग होतो’ ही माहिती बहुतेकांना आधीपासून असते, त्यामुळे चित्र नवे ज्ञान फारसे देत नाही. माहीत असलेली गोष्ट ते पुन्हापुन्हा समोर आणते.

चित्र नको म्हणून पाकीट झाकणारे, सिगारेटी दुसऱ्या डबीत भरणारे, दुकानदाराकडे ‘दुसऱ्या चित्राचे द्या’ म्हणणारे लोक सगळ्या देशांत सापडतात. वरवर पाहता इशारा त्यांच्यावर वाया गेला असे वाटते. कॅनडातील अभ्यासांत मात्र चित्र टाळणाऱ्यांचे सोडण्याचे प्रयत्न कमी झालेले आढळले नाहीत. चित्र झाकायलाही ते आधी आठवावे लागते.

खरा शत्रू सवय. तेच चित्र वर्ष-दोन वर्षे पाहिले की नजर त्यावरून घसरते. म्हणून चित्रे ठरल्या मुदतीत बदलणे हा या उपायाचा गाभा आहे. मुदतवाढ देऊन जुने चित्र चालू ठेवले, की आकार कितीही मोठा असला तरी परिणाम ओसरतो.

पुरावा काय सांगतो

या विषयातली सर्वांत नेटकी चाचणी अमेरिकेतली आहे. नोएल ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायना आणि कॅलिफोर्नियातील २,१४९ धूम्रपान करणाऱ्यांच्या पाकिटांवर चार आठवडे लेबले चिकटवली; चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना सचित्र, निम्म्यांना नुसता मजकूर. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोडण्याचा प्रयत्न सचित्र गटात ४० टक्के लोकांनी केला, मजकुराच्या गटात ३४ टक्के. चाचणी संपताना किमान सात दिवस सिगारेट न ओढलेले पहिल्या गटात ५.७ टक्के, दुसऱ्यात ३.८ टक्के. फरक लहान दिसतो. पण हा उपाय सरकारला जवळपास फुकट पडतो आणि प्रत्येक पाकिटासोबत जातो, म्हणून कोट्यवधी लोकांच्या हिशेबात तो लहान राहत नाही. उलट बाजूही आहे : सॅन डिएगोतील ३५७ जणांच्या तीन महिन्यांच्या चाचणीत लोकांनी पाकिटे लपवली, सोडण्याचा विचार जास्त केला, पण सिगारेटींची संख्या घटली नाही.

चार आठवड्यांची चाचणी समाजावरचा दीर्घ परिणाम दाखवू शकत नाही. त्यासाठी कॅनडाची अमेरिकेशी तुलना करून केलेले २०१४ चे विश्लेषण उपयोगी पडते : चित्रांमुळे तिथल्या धूम्रपानाचे प्रमाण २.८७ ते ४.६८ टक्केबिंदूंनी घटल्याचा त्याचा अंदाज आहे.

भारतासाठी जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या उपलब्ध आहेत. पहिली २००९-१० ची, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेली. दुसरी २०१६-१७ ची, टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेली. इशारा पाहून सोडण्याचा विचार आला असे सांगणारे सिगारेट ओढणारे ३८ टक्क्यांवरून ६१.९ टक्क्यांवर गेले, विडी ओढणारे २९.३ वरून ५३.८ वर, तंबाखू खाणारे ३३.८ वरून ४६.२ वर. आता याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा शेजारी ठेवावा. मागच्या १२ महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केलेले धूम्रपानी पहिल्या फेरीत ३८.४ टक्के होते, दुसऱ्या फेरीत ३८.५. तंबाखू खाणाऱ्यांत हा आकडा ३५.४ वरून ३३.२ वर उतरला.

म्हणजे विचार दीडपट वाढला आणि प्रयत्न जागच्या जागी राहिले. याचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरू नयेत. दुसरी फेरी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा ८५ टक्क्यांची चित्रे बाजारात येऊन जेमतेम चार-पाच महिने झाले होते. प्रयत्नाचा प्रश्न मात्र वर्षभराचा होता. शिवाय याच काळात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे एकूण प्रमाण ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आले. त्या घटीत करवाढ, गुटखाबंदी, शाळांभोवतीचे निर्बंध यांचाही वाटा आहे. चित्राचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. हे सारे धरूनही विचार आणि प्रयत्न यांतली दरी खरी आहे.

भीतीनंतर काय

भीती दाखवली पण वाट दाखवली नाही, तर माणूस धोक्याऐवजी भीतीलाच टाळतो, हा संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विटे यांनी १९९२ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे लागू पडतो. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते’ हे वाक्य त्याच टाळण्यातून येते. म्हणून चित्राखालचा फोन क्रमांक हा इशाऱ्याचा सर्वांत कामाचा भाग आहे. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये चित्रांसोबत असा क्रमांक आला आणि मदतवाहिनीकडचे फोन दुपटीवर गेले. भारतातील वाहिनी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत मे २०१६ मध्ये सुरू झाली. पुढे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बंगळूरु आणि गुवाहाटी ही केंद्रे जोडली गेली. फोनवर समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला लावतात आणि नंतर पाठपुराव्याचे फोन करतात.

कुणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे ३ ते ५ टक्केच असतात. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोपमोड, भूक असा त्रास साधारण दोन ते चार आठवडे राहतो. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांत ओसरते, आणि तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवणे एवढेच तेव्हा करायचे असते.

तलफ भागवण्यासाठी निकोटिन गम (निकोटिन असलेली चघळायची गोळी) वापरताना बहुतेक जण एकच चूक करतात : सुपारीसारखा सतत चघळतात. मग निकोटिन लाळेसोबत पोटात जाते, उचकी लागते, पोटात जळजळते आणि ‘गमचा उपयोग नाही’ म्हणून माणूस पुन्हा सिगारेटकडे वळतो. गम हळूहळू चावावा. तिखटसर चव किंवा चुणचुण आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावा. चव गेली की पुन्हा थोडा चावावा. असे साधारण ३० मिनिटे. त्याआधी १५ मिनिटे चहा-कॉफी टाळावी, कारण आम्ल पेयामुळे तोंडातून निकोटिन शोषले जात नाही. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ मिलिग्रॅमचा, असा ढोबळ ठोकताळा आहे. तंबाखू खाणाऱ्यांत गमच्या उपयोगाचा पुरावा एवढा भक्कम नाही.

वेष्टन हातात पडत नाही तेव्हा

टपरीवर सिगारेट एकेक मिळते. पाकीट दुकानदाराच्या फळीवर राहते, गिऱ्हाइकाच्या हातात फक्त सिगारेट येते आणि दोरीला टांगलेल्या लायटरने ती पेटते. चित्राची ३,६५० वेळांची भेट इथे शून्यावर येते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि विडीच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. सुटी विक्री मात्र थांबलेली नाही.

महाराष्ट्रात धूम्रपान मुळातच कमी. २०१६-१७ च्या फेरीत प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे होते आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे. म्हणून इथे प्रश्न पुडीचा आहे. पुडी फाडली की तंबाखू दोन तोंडांच्या डबीत जातो : एका टोकाला तंबाखू, दुसऱ्या टोकाला चुना, आणि पुडीचा कागद तिथेच रस्त्यावर पडतो. दिवसभर तळहातावर मळताना समोर असते ती कोरी डबी. विदर्भातला खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्रातला मावा दुकानातच सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधून मिळतो. त्यावर छपाईचा प्रश्नच येत नाही. विडीचे बंडल शंकूच्या आकाराचे, कागद पातळ, छपाई पुसट, त्यामुळे चित्र अनेकदा ओळखूही येत नाही.

कॅनडाने २०२३ च्या नियमांनी प्रत्येक सिगारेटच्या फिल्टरभोवतीच्या कागदावरच ‘प्रत्येक झुरक्यात विष’ अशा अर्थाची वाक्ये छापायला लावली, आणि २०२४ पासून अशा सिगारेटी दुकानांत आल्या. सुट्या विक्रीवर हा थेट तोडगा आहे आणि भारतीय सिगारेटला तो लागू करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. विडीच्या तेंदूच्या पानावर मात्र काही छापता येत नाही. घरी तव्यावर भाजून पूड केलेल्या मिश्रीला तर कागदच नसतो. दात घासण्याच्या निमित्ताने ती वापरणाऱ्या बाईला इशारा पोचवायचा, तर तो आशा कार्यकर्तीने किंवा तिचे तोंड तपासणाऱ्या डॉक्टरने समोरासमोर बोलूनच द्यावा लागतो.