चुकीच्या नंबरचा चष्मा डोळे कायमचे बिघडवतो का?

दुसऱ्याचा चष्मा लावला की डोळे कायमचे जातात, हा धाक पुण्यात घरोघरी घातला जातो. मोठ्यांच्या बाबतीत तो खोटा आहे. नंबर चुकला तर धूसर दिसतं, डोकं दुखतं, डोळे शिणतात. सिलिंडरचा (काचेत ठरावीक दिशेने बसवायच्या नंबरचा) अक्ष, म्हणजे ती दिशा, हुकली तर जमीन तिरकी भासते. पण योग्य चष्मा लावला की हे ओसरतं, डोळ्याच्या पडद्याला इजा होत नाही. खरा धोका तसल्या चष्म्याने लक्ष्मी रोडवर दुचाकी चालवण्यात!

लहान मुलांचं मात्र वेगळं. साधारण 7-8 वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्याला योग्य नंबर मिळाला नाही, तर तो ‘आळशी’ होऊ शकतो, म्हणजे त्याची नजर कमजोर राहू शकते. ‘कमी नंबर द्या, म्हणजे वाढणार नाही’ हा पालकांचा आग्रहही निराधारच.