विमा नसलेल्या वाहनाचा अपघात आणि भरपाई

धडक देणाऱ्या वाहनाचा विमा संपलेला असेल किंवा मुळात काढलेलाच नसेल, तर अपघातग्रस्ताला पैसे कोठून व कसे मिळतात, याविषयीची ही नोंद भारतापुरती आहे. अमेरिकेत अशा प्रसंगासाठी ‘अनइन्शुअर्ड’ (समोरच्याचा विमा नसलेला) आणि ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ (विमा अपुरा असलेला) असे संरक्षण स्वतःच्याच पॉलिसीत घेता येते. भारतातील प्रमाणित मोटार पॉलिसीत असे स्वतंत्र कव्हर नाही. येथे स्वतःची पॉलिसी, सरकारी योजना आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण या तिन्हींचा आधार घ्यावा लागतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे इतरांना होणाऱ्या हानीचा विमा, सक्तीचा आहे. विमा नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये व पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ वर्षांचा व दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा विक्रीच्या वेळीच काढावा लागतो. ही मुदत संपली की नूतनीकरण मालकावर असते आणि खरी गळती तिथेच होते.

‘अपुरा विमा’ हा अमेरिकेतील मोठा प्रश्न भारतात फार थोड्या प्रमाणात येतो. मृत्यू आणि शारीरिक इजा यांबाबत थर्ड पार्टी पॉलिसीची जबाबदारी अमर्याद असते. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला: कारच्या पॉलिसीत साधारण ७.५ लाख रुपये, दुचाकीच्या १ लाख. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणण्याचा पर्यायही दिला जात आला आहे. तो घेऊ नये.

पहिले काही दिवस

विमा नसलेल्या वाहनाच्या बाबतीत पोलिसांच्या ताब्यातील ते वाहन हेच बहुतेक वेळा सर्वांत भक्कम तारण असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सर्व राज्यांना याविषयी नियम करण्यास सांगितले. त्यानुसार मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय असे वाहन सोडायचे नाही. तारण न दिल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करायची. प्रत्यक्षात वाहन सोडण्याचा अर्ज लवकर येतो आणि विम्याची बाब कोणी पुढे आणली नाही तर वाहन निघून जाते. म्हणून जखमीच्या नातेवाइकांनी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन विमा नसल्याची नोंद करायला लावावी आणि पोच घ्यावी.

विमा आहे की नाही हे एमपरिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकून पाहता येते. तिथली नोंद जुनी असू शकते, त्यामुळे पॉलिसीची प्रत मागवून खात्री करावी. प्रतीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. सकाळी अपघात आणि दुपारी काढलेली पॉलिसी असेल, तर ती त्या अपघाताला लागू होत नाही. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. प्रथम खबर आणि पंचनामा यांतील वाहन क्रमांक एकमेकांशी जुळतात का, हे त्याच आठवड्यात तपासावे. पुढे दुरुस्ती करायला गेल्यास वाहन मागाहून घुसडल्याचा संशय घेतला जातो.

न्यायाधिकरण आणि वसुली

दावा कलम १६६ खाली चालतो; कायद्यातील मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मागता येतात, पण विमा नसेल तर तेही मालकाकडूनच. चालकाचा परवाना बनावट निघाला तर ‘आधी विमा कंपनीने भरावे, मग मालकाकडून वसूल करावे’ असा आदेश होऊ शकतो. पॉलिसीच नसेल तर ही वाट बंद असते.

प्रतिवादी कोणाला करायचे, याचे उत्तर आरसीवर मिळते. गाडी विकली तरी नाव बदलले नसेल तर नोंदणीतील मालकच जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. नाव न बदलता जुनी दुचाकी देऊन टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मालक पैसे भरत नसेल तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. मालकाच्या मालमत्तेचा तपशील, शेतजमीन असल्यास सातबारा, अर्जदाराने स्वतः जोडावा. नाहीतर दाखला टेबलावर पडून राहतो.

वाहनच सापडले नाही तर २०२२ च्या ‘हिट अँड रन’ योजनेतून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. क्रमांक माहीत असलेल्या, पण विमा नसलेल्या वाहनाला ही योजना लागू नाही. याउलट २०२५ ची विनारोकड उपचार योजना त्या वाहनाच्या अपघातालाही चालते: नियुक्त रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, प्रतिव्यक्ती १.५ लाख रुपयांपर्यंत.

स्वतःची पॉलिसी

मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यात मृत्यू व कायमचे अपंगत्व येते. साधे हाड मोडणे किंवा रुग्णालयाचे बिल येत नाही. त्यासाठी आरोग्य विमाच लागतो. गाडीच्या नुकसानीला ‘ओन डॅमेज’ भाग कामी येतो, समोरच्याचा विमा असो वा नसो. मात्र नुकसान किरकोळ असेल तर आधी हिशेब करावा. बंपर १२,००० रुपयांचा असेल, तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीची १,००० रुपयांची सक्तीची वजावट धरून हाती ५,००० येतात. ओन डॅमेज हप्ता १०,००० आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) ५० टक्के असेल, तर पुढल्याच वर्षी तेवढीच सवलत जाते आणि ५० टक्क्यांपर्यंत परत पोचायला दाव्याविना पाच वर्षे लागतात.