एक्झॉस्ट हेडर आणि कलेक्टर

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधला जळका वायू स्वतंत्र नळीने काही अंतर नेऊन मग एकत्र करणारी जोडणी म्हणजे हेडर. या नळ्या जिथे एक होतात तो भाग कलेक्टर (ठाण्यात हा शब्द ऐकून आधी जिल्हाधिकारी आठवतात, तो भाग वेगळा). कंपनीच्या गाडीत बहुधा याच जागी बिडाचे आखूड मॅनिफोल्ड असते. ते स्वस्त असते, टिकते आणि आवाजही दाबते. मात्र त्यात एका सिलिंडरचा झोत शेजारच्या सिलिंडरच्या तोंडावर जातो. ठाण्याच्या वागळे इस्टेट आणि नवी मुंबईच्या तुर्भे-रबाळे पट्ट्यात टिग वेल्डिंग, बेंडिंग, लेझर कटिंग सगळे होते. त्यामुळे इथे हेडर बनवून घेणे अवघड नाही, तो मापात बनवून घेणे अवघड आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून निघते. कलेक्टरमध्ये अचानक मोकळी जागा मिळाली की उणे दाबाची लाट उलट फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह (इनटेक आणि एक्झॉस्ट) किंचित उघडे असतात त्या क्षणी ती परत पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताजे मिश्रण आत येते. ही वेळ इंजिनाच्या एका ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच साधते. तो पट्टा कुठे हवा हे नळीची लांबी ठरवते.

लांबीसाठी एक जुना ठोकताळा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याआधी जितके अंश उघडतो, त्यात १८० मिळवायचे, ८५० ने गुणायचे, हव्या त्या आरपीएमने (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) भागायचे आणि ३ वजा करायचे. उत्तर इंचांत येते. व्हॉल्व्ह ५० अंश आधी उघडत असेल तर ६,००० आरपीएमसाठी सुमारे ३० इंच येतात, ४,००० साठी सुमारे ४६ इंच. एवढी नळी छोट्या गाडीच्या बॉनेटखाली मावत नाही. इथे ४-२-१ रचना उपयोगी पडते. तिच्यात साधारण १५ इंचांवर नळ्या जोडीने मिळतात आणि उरलेली लांबी दुय्यम नळ्यांत जाते. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा फायरिंग क्रम १-३-४-२ असतो, म्हणून १ ची जोडी ४ शी आणि २ ची ३ शी. शेजारच्या नळ्या सोयीच्या म्हणून १-२ जोडणारा फॅब्रिकेटर सगळ्या मेहनतीवर पाणी ओततो.

४-१ हेडर, म्हणजे चारही नळ्या एकदम एकत्र, वरच्या आरपीएमला सरस. घोडबंदर रोडवर गाडी १,५०० ते ३,००० आरपीएममध्ये सरपटते, आणि पाम बीच रस्ता मोकळा असला तरी वेगमर्यादा पाळून टॉप गिअरमध्ये इंजिन ६,००० ला जात नाही. रोजच्या गाडीला ४-२-१ च योग्य. नळीचा व्यास पोर्टपेक्षा (सिलिंडर हेडमधल्या एक्झॉस्टच्या तोंडापेक्षा) किंचितच मोठा असावा, १.२ ते १.६ लिटरच्या इंजिनाला साधारण ३५ ते ४२ मिमी. जाड नळीने ताकद वाढते हा समज चुकीचा आहे. वायूचा वेग मंदावतो आणि खालचा टॉर्क जातो. कलेक्टरमध्ये नळ्या १० ते १५ अंशांच्या अरुंद कोनात मिळाव्यात, मध्ये उरणारी पोकळी निमुळत्या तुकड्याने भरावी. ट्यूनिंगशिवाय नुसत्या हेडरने नॉन-टर्बो इंजिनात काही टक्केच वाढ मिळते.

खरेदीआधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे विषारी वायू कमी करणारा डबा) कुठे आहे ते पाहावे. बीएस-६ (१ एप्रिल २०२० पासून) गाड्यांत तो बहुधा मॅनिफोल्डला चिकटूनच असतो, म्हणजे मॅनिफोल्ड काढले की तोही निघतो. तो न बसवता गाडी चालवणे बेकायदा आहे. प्रदूषण व आवाजाच्या उल्लंघनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसनही तीन महिने अपात्र ठरते. पाटी एमएच-०४ असो वा एमएच-४३, पीयूसीत पेट्रोल बीएस-४ व बीएस-६ गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कॅटशिवाय ती पाळणे जवळपास अशक्य. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआय किंवा फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आतच ओतलेले आहे; तिथे हेडरचा प्रश्नच येत नाही.

धातू म्हणून १.५ मिमी जाडीचे ३०४ स्टेनलेस आणि ८ ते १० मिमी फ्लँज (हेडला बोल्टने बसणारी जाड पट्टी) चांगले. बाजारात ३०४ सांगून २०२ हे हलके स्टेनलेस खपवले जाते. चुंबक दोन्हींना नीट लागत नाही, म्हणून मँगेनीज चाचणीचे थेंब टाकून पाहावे. २०२ वर लाल रंग येतो. माइल्ड स्टील खाडीच्या खारट हवेत आणि पावसाळ्यात लवकर गंजते. त्यावर हीट रॅप गुंडाळल्यास आत ओल धरून नळी कुजते. सिरॅमिक कोटिंग बरे. ३०४ प्रसरणही जास्त पावते: अर्धा मीटर नळी ६०० अंशांनी तापली की सुमारे ५ मिमी वाढते. हेडरला चारी बाजूंनी जखडले तर वेल्डिंगच्या टाक्यांना तडे जातात ते यामुळेच. वेल्डिंगच्या वेळी नळीच्या आतही आर्गन सोडायला सांगावे, नाहीतर आतला टाका काळा, दाणेदार होतो आणि तिथूनच फुटतो. फ्लँज जाड पाटीला बोल्टने आवळूनच वेल्ड करावा, तरीही वाकतो. सरळ पट्टी लावून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पाहावे, ०.१ मिमीहून जास्त फट असल्यास घासून घ्यावा.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवे. बॅटरी काढून स्टडवर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारावे. जोर लावून स्टड हेडमध्ये तुटला की काम तासांवरून दिवसांवर जाते. जुने गॅस्केट खरवडून नवे मल्टिलेयर स्टील गॅस्केट लावावे. सगळे नट आधी हाताने फिरवावे, मग मधल्यापासून बाहेर दोन-तीन टप्प्यांत आवळावे: एम-८ ला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर, पण कंपनीचा आकडा असेल तर तोच. ऑक्सिजन सेंसर चारही नळ्या मिळाल्यानंतर आणि आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कललेला असावा, म्हणजे साचलेले पाणी त्यावर पडत नाही. सेंसरच्या आसपास साधे सिलिकॉन सीलंट वापरू नये, त्याची वाफ सेंसर मारते. आडव्या इंजिनाच्या गाडीत कलेक्टरनंतर फ्लेक्स पाइप (लवचीक जोडनळी) हवाच, कारण इंजिन माउंटवर डुलते. वायरिंगपासून २५ मिमी, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटपासून ५० मिमी अंतर ठेवावे, शिवाय हीट शिल्ड. खालचा भाग मूळ एक्झॉस्टपेक्षा खाली लोंबू नये; सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर त्याची परीक्षा घेतो.

नंतरच्या तक्रारींत सगळ्यात फसवी म्हणजे सेंसरच्या आधीची बारीक गळती. थंड इंजिनावर टक-टक आवाज येतो आणि तापल्यावर धातू फुगून तो बंद होतो, त्यामुळे टॅपेट वाजतो असे वाटते. फटीतून आत ओढलेली हवा सेंसरला मिश्रण पातळ असल्याचे भासवते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो, मायलेज पडते आणि प्लग काळे होतात. प्लग बदलून हे सुटत नाही. थंड इंजिन चालू करून साबणाचे पाणी सांध्यांवर शिंपडावे. बुडबुडे येतील तो सांधा पुन्हा आवळावा. गाडीच्या पहिल्या दोन-तीन चकरांनंतर, इंजिन थंड असताना, सगळे नट एकदा आवळायचे राहून गेले की ही गळती हमखास होते.